मनाचा इलाज सांगणारे अबू झैद अल-बल्खी
घरात कुणाला सारखी धास्ती वाटू लागली, कशातच मन लागेनासं झालं, की आपण म्हणतो नजर लागली, नाहीतर ईमान कमजोर झालं. अबू झैद अल-बल्खी यांनी हजार वर्षांपूर्वीच यावर वेगळा विचार मांडला होता.

आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खजवळच्या एका गावात ते जन्मले. वडील शिक्षक होते. तरुणपणी इल्म मिळवायला ते इराकला गेले आणि शिकून परतले. भूगोल आणि नकाशांसाठीही त्यांचं नाव घेतलं जातं. इ.स. 934 मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या ग्रंथात त्यांनी सांगितलं, की शरीरासारखंच मनही आजारी पडतं. भीती, राग, उदासी, पिच्छा न सोडणारे वाईट विचार, प्रत्येकाचा इलाज त्यांनी वेगळा दिला. घरात औषधं आधीच आणून ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले विचार जमवून ठेवावेत, घाबरल्यावर तेच कामी येतात. पण कारण नसताना येणारी उदासी शरीरातून येते, तिला शरीराचाही इलाज लागतो, हेही त्यांनी लिहिलं.

1960 च्या दशकात अमेरिकेत ॲरॉन बेक यांनी मांडलेली थेरपीही चुकीचे विचार ओळखून बदलायला शिकवते. म्हणून दुवा जरूर करा, सोबत डॉक्टरकडेही जा. त्यात लाज कसली?