टांकसाळीतला रसायनशास्त्रज्ञ : थॉमस ग्रॅहम

वायू जितका हलका तितका तो लवकर पसरतो, हा ग्रॅहमचा नियम शास्त्र शाखेचे विद्यार्थी पाठ करतात. आपण कला शाखेचे. पण त्या नियमामागचा माणूस आपल्यालाही जवळचा वाटावा असा आहे.

थॉमस ग्रॅहमचा जन्म १८०५ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. वडील कापडाचे कारखानदार. मुलाने धर्मोपदेशक व्हावे हा त्यांचा हट्ट. विद्यापीठात मात्र मुलाला रसायनशास्त्राची गोडी लागली. त्याने वाट बदलताच वडिलांनी पैसे बंद केले! शिकवण्या करून, लेख लिहून त्याने दिवस काढले. आई आणि बहीण पाठीशी उभ्या राहिल्या. लिखाणाच्या पहिल्या कमाईतून त्याने त्या दोघींसाठीच भेटी घेतल्या, असे सांगतात. वडिलांचा राग मला अगदीच अनाकलनीय वाटत नाही. ठरलेली, खात्रीची वाट सोडून पोरगा काचेच्या नळ्यांत रमला, असेच त्यांना दिसले असणार.

पुढे १८३० मध्ये तो ग्लासगोतच प्राध्यापक झाला, १८३७ मध्ये लंडनला गेला आणि १८५५ मध्ये तेथील शाही टांकसाळीचा प्रमुख झाला. (आपल्या नाशिकरोडला नोटा छापतात, तशी तिथे नाणी पाडत.) एकेकाळी न्यूटन याच पदावर होता.

कचेरी सांभाळूनही प्रयोग सुटले नाहीत. पॅलेडियम हा चांदीसारखा दिसणारा धातू आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पिऊन टाकतो, हे त्याने १८६६ च्या सुमारास दाखविले. पॅलेडियमची तार हायड्रोजन शोषून लांबली. तो काढून घेताच पहिल्यापेक्षाही आखूड झाली! हायड्रोजन हाही एक धातूच असून त्याचा पॅलेडियमशी मिश्रधातू होतो, असा त्याने तर्क केला. या धातूला हायड्रोजेनियम असे नाव दिले आणि त्या मिश्रधातूची छोटी पदकेही पाडली. टांकसाळच हाताशी होती ना! १६ सप्टेंबर १८६९ रोजी तो वारला.

तर्क पुरता खरा ठरला नाही. पॅलेडियमच्या स्फटिकात अणू घनाकृती जाळीत ओळीने बसलेले असतात. त्यांच्या मधल्या पोकळ्यांत हायड्रोजन शिरतो आणि सगळी जाळी फुगते, हे विसाव्या शतकात उलगडले. तार लांबली ती त्यामुळे. आज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पॅलेडियमचा अतिसूक्ष्म कण हायड्रोजन घेताना पाहता येतो. हायड्रोजन स्वतः मात्र इतका हलका, की इलेक्ट्रॉनांच्या झोतात तो जवळजवळ दिसतच नाही; शेजारचे पॅलेडियमचे अणू किती सरकले, यावरूनच तो तिथे आहे हे ओळखावे लागते.