साखर मोजणाऱ्या रेचलबाई

आपले पूर्वज ऊसमळ्यांत राबले. म्हणून या स्मरणिकेत आम्ही साखरेशीच नाते असलेल्या एका शिक्षिकेची ओळख करून देतो.

रेचल लॉइड यांचा जन्म १८३९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. त्यांची दोन्ही मुले तान्हेपणीच गेली. १८६५ मध्ये पतीही वारले. पुढे त्या फिलाडेल्फियात मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. हार्वर्ड विद्यापीठात तेव्हा स्त्रियांना प्रवेश नव्हता, फक्त उन्हाळी वर्ग खुले होते. सुट्ट्यांत तिथे जाऊन बाई रसायनशास्त्र शिकल्या. १८८७ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, त्यांनी झुरिकला डॉक्टरेट मिळवली. नेब्रास्का विद्यापीठात शिकवताना त्यांनी तिथल्या बीटमधील साखर मोजली. १८९० मध्ये त्या राज्यात बीटसाखरेचा कारखाना निघाला. १९०० मध्ये त्या निवर्तल्या.

मुलींनो, आपल्या आज्यांनी ऊस तोडला. साखर मोजायला तुम्ही शिका.