स्टू उंगरची तिर्री

होस्टेलवर रात्री मेंढीकोट मांडणाऱ्या आम्हा मंडळींना स्टू उंगर माहीत असायलाच हवा. जन्म १९५३, न्यूयॉर्क. जिन रमीत एवढा तरबेज, की समोर कोणी बसेना. मग गडी पोकरकडे वळला. १९८० च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा डाव: उंगरकडे इस्पिकचे ४ आणि ५, टेबलावर एक्का, सत्ती, दुर्री. समोर डॉइल ब्रन्सनच्या एक्का-सत्तीच्या दोन जोड्या तयार! उंगरला सिक्वेन्ससाठी फक्त तिर्री हवी. न दिसलेल्या ४७ पत्त्यांत तिर्र्या ४, म्हणजे पुढच्याच पत्त्याला जेमतेम ८.५ टक्के. आमचे एम-थ्रीत पास व्हायचे चान्सेस यापेक्षा बरे! पण लागली तर समोरचा सगळा ढीग आपला, हाच हिशोब त्याने केला असावा असं मला वाटतं. तिर्री आली.

१९८१ लाही तोच जिंकला. मग ड्रग्ज, सट्टा, कर्ज. १९९७ मध्ये १०,००० डॉलर फी दुसऱ्याने भरली, तेव्हा कुठे बसायला मिळालं. तरी जिंकला! शेवटच्या पत्त्यावर पुन्हा तोच एक्का ते पंजी सिक्वेन्स. बक्षीस १० लाख डॉलर, निम्मे फी भरणाऱ्याचे. नोव्हेंबर १९९८ मध्ये लास वेगासच्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला. वय ४५.