रानबटाट्याचे विष आणि वाव्हिलोव्ह

निकोलाय वाव्हिलोव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्को येथे झाला. कृषिशास्त्र शिकल्यावर ते इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांच्याकडे आनुवंशशास्त्राचे धडे गिरवून आले. पिकांना लागणारे रोग हटवायचे, तर त्या पिकांचे रानटी भाऊबंद शोधले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. बटाट्यासाठी त्यांनी १९२५ पासून बुकासोव्ह व युझेपचुक या सहकाऱ्यांना लॅटिन अमेरिकेत धाडले. १९३२ मध्ये स्वतःही तिकडे गेले.

तिथल्या रानबटाट्यांत करपा आणि कडाक्याची थंडी सोसण्याची ताकद होती. पण त्यांपैकी अनेकांत सोलॅनिनसारखी विषद्रव्येही भरपूर होती. किडींपासून बचावासाठी झाड ती स्वतःच तयार करते. माणसाला मात्र त्यांनी मळमळ, उलट्या, जुलाब होतात. संकर केला की ताकदीबरोबर विषही पुढच्या पिढीत उतरू शकते. युझेपचुक यांचे नाव दिलेली अँडीज पर्वतातील एक जात अशाच नैसर्गिक संकरातून आली आहे. रानटी पूर्वजाकडून तिला थंडी सोसण्याचा गुण मिळाला आणि कडवटपणाही. स्थानिक शेतकरी हे बटाटे रात्रीच्या थंडीत गोठवून, तुडवून, पाण्यात भिजवून आणि वाळवून खातात.

आनुवंशशास्त्र नाकारणाऱ्या लायसेन्को यांच्याशी झालेला संघर्ष वाव्हिलोव्ह यांना भोवला. १९४० मध्ये त्यांना अटक झाली. जगाची भूक भागवण्यासाठी बियाणे जमवणारा हा शास्त्रज्ञ २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने मरण पावला. त्याच काळात वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये त्यांचे सहकारी भुकेने दगावत होते, तरी त्यांनी जमवलेल्या बियाण्याला आणि बटाट्यांना हात लावला नाही.

रानबटाट्याशी संकर करताना किती सावध राहावे लागते, हे पुढे अमेरिकेत दिसले. १९६७ मध्ये आलेले ‘लेनापे’ हे वाण चिप्ससाठी उत्तम होते, पण रानटी पूर्वजाचे विष त्यात जास्त प्रमाणात उतरले होते. १९७० मध्ये ते मागे घ्यावे लागले. विषाचे प्रमाण अनेक जनुकांवर ठरते. म्हणून संकरित रोपाचा लागवडीच्या बटाट्याशी पुन्हा पुन्हा संकर करतात आणि विष तपासूनच वाण निवडतात. १०० ग्रॅम बटाट्यात २० मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. घरातल्या हिरव्या पडलेल्या बटाट्यातही हीच द्रव्ये वाढलेली असतात आणि ती शिजवूनही जात नाहीत.