लाल मातीतला मल्ल : खाशाबा जाधव

चवथीचे दिवस आले की आपल्या पाळी गावात आरत्या, घुमट, फुगड्या आणि माटोळीची लगबग सुरू होते. याच दिवसांत दुसरा एक विषयही निघतो, तो म्हणजे फुटबॉल. पाऊस ओसरला की कुठली टीम उतरवायची, कोण गोलकीपर, कोण डिफेन्सला, याची चर्चा मंडपातच होते. या चर्चेत दरवर्षी एखादा तरी मुलगा असतो, ज्याच्या गुडघ्याला पट्टी बांधलेली असते आणि काही झालेले नाही असे तो सर्वांना सांगत असतो. त्याला पाहून आम्हाला नेहमी एका माणसाची आठवण होते. तो फुटबॉलपटू नव्हता, गोमंतकीयही नव्हता. पण दुखावलेला गुडघा खेळाडूकडून काय हिरावून घेतो, हे त्याच्याइतके कुणी सांगू शकणार नाही. ते होते खाशाबा दादासाहेब जाधव, स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे मल्ल.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच आखाड्याची माती होती, त्यामुळे कुस्ती शिकायला दूर जावे लागले नाही. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाली. तो काळ बेचाळीसच्या चळवळीचा. सातारा जिल्हा तर प्रतिसरकारमुळे पेटलेला होता. कोवळ्या वयाच्या खाशाबांनीही भूमिगतांना आसरा देण्याचे आणि निरोप पोचवण्याचे काम केले. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी त्यांनी ऑलिंपिकमध्ये तिरंगा फडकवण्याचा निश्चय केला, असे सांगतात. आपला गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली होता आणि त्याला मुक्त व्हायला अजून १४ वर्षे होती, हेही येथे लक्षात घ्यावे.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शरीराने खाशाबा लहानखुरे होते. त्यांना पाहून हा पैलवान आहे असे कुणाला वाटत नसे. पण त्यांची चपळाई विलक्षण होती आणि ढाक हा त्यांचा हातखंडा डाव होता. समोरच्याच्या मानेला पकड घालून, क्षणात फिरून त्याला जमिनीवर आदळायचे, असा हा डाव. यात सगळे शरीर पायावर फिरते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार होती.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला. लंडनला गेल्यावर पंचाईत झाली. लाल मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटवरची कुस्ती नवीन. मातीत पाय रुततो, मॅटवर सरकतो. नियमही वेगळे. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकांचे मार्गदर्शन लाभले आणि थोड्या दिवसांत जमेल तेवढे त्यांनी शिकून घेतले. फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना त्यांनी हरवले, पण इराणच्या मल्लाकडून पराभव झाला. सहावा क्रमांक मिळाला. पहिल्याच प्रयत्नात सहावा म्हणजे लोकांच्या दृष्टीने मोठे यश, खाशाबांच्या दृष्टीने अपुरे काम.

पुढची चार वर्षे त्यांनी अक्षरशः घाम गाळला. वजनगटही बदलला आणि ५७ किलोच्या बँटमवेट गटात ते उतरले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीत आपल्यावर अन्याय झाला असे वाटून त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि त्यांनी ती जिंकली. मग प्रश्न आला पैशांचा. सरकारदरबारी केलेली विनवणी वेळेत फळाला आली नाही. तेव्हा खाशाबा दारोदार फिरले. गावकऱ्यांनी, दुकानदारांनी जमेल तसे दिले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. त्या काळचे ७००० रुपये म्हणजे किती, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा गुरू आज दिवा घेऊन शोधावा लागेल.

हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली कुस्ती फार लांबली आणि थोडक्यात हातची गेली. इशी त्या गटाचे सुवर्णपदक विजेते ठरले, यावरून ती झुंज कशी झाली असेल याची कल्पना येते. त्या दमवणाऱ्या कुस्तीनंतर नियमाप्रमाणे विश्रांती मिळायला हवी होती. ती न मिळताच त्यांना सोव्हिएत रशियाच्या मल्लापुढे उभे राहावे लागले. त्यांची बाजू मांडायला एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. ती कुस्ती ते हरले. तरीही कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. त्यांचे सहकारी के. डी. माणगावे यांचे पदक त्याच स्पर्धेत थोडक्यात हुकले.

कराड स्टेशनवर खाशाबा उतरले तेव्हा सगळा परिसर लोटला होता. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि काही मिनिटांच्या वाटेला तासन् तास लागले. मिरवणूक आटोपल्यावर खाशाबांनी पहिले काम काय केले असेल, तर कुस्त्यांचे फड भरवून पैसा उभा केला आणि खर्डेकर सरांचे गहाण पडलेले घर सोडवले. आमच्या मते पदकाइतकेच हेही मोठे आहे.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. डोळ्यांसमोर १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक होते. लंडनला सहावा, हेलसिंकीला तिसरा, आता पुढची पायरी दिसत होती. वय तिशीचे, अनुभव दोन ऑलिंपिकचा. आणि नेमका गुडघा दुखावला. आज दुर्बिणीने शस्त्रक्रिया होते, फिजिओथेरपी असते, खेळाडू काही महिन्यांत पुन्हा मैदानात दिसतो. त्या काळी आपल्याकडे यातले काहीच नव्हते. तेलाची मालीश, घट्ट पट्टी आणि विश्रांती एवढाच उपचार. ज्या गुडघ्यावर ढाक उभी होती, तोच साथ देईना. मेलबर्नला खाशाबा गेले नाहीत. ऑलिंपिकची वाट तिथेच संपली.

पुढे २७ वर्षे त्यांनी पोलिसांची नोकरी केली. नव्या खेळाडूंना शिकवले. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या ज्योतयात्रेत त्यांनी भाग घेतला. बढती मात्र रखडत गेली आणि असिस्टंट कमिशनरचे पद मिळाले ते निवृत्तीच्या तोंडावर. पेन्शनसाठीही त्यांना झगडावे लागले. आम्ही स्वतः सरकारी नोकरीत असल्याने फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती दिवस लागतात हे रोज पाहतो. पण प्रत्येक फाइलीमागे एक माणूस वाट पाहत बसलेला असतो, हे खाशाबांचे चरित्र वाचल्यापासून आमच्या मनातून जात नाही. हाती आलेला कागद त्या दिवशीच पुढे पाठवायचा, एवढा नियम आम्ही तेव्हापासून स्वतःला घालून घेतला आहे.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात खाशाबांचे निधन झाले. मानसन्मान आले ते त्यानंतर. शिवछत्रपती पुरस्कार मिळाला, २००० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले. आता महाराष्ट्र सरकार त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळते. त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षे लागली, १९९६ साली लिअँडर पेस यांच्या रूपाने. कुस्तीत तर ५६ वर्षे.

जाता जाता थोडे स्वतःविषयी. विशीत असताना आम्हीही गावच्या टीममधून डिफेन्सला खेळत होतो. एका सामन्यात गुडघा मुरगळला. पुढच्याच रविवारी फायनल होती म्हणून कुणाला सांगितले नाही, पट्टी बांधून उतरलो. फायनल जिंकलो, पण त्यानंतर दोन वर्षांत खेळ कायमचा सुटला. आजही पावसाळ्यात जिना चढताना तो गुडघा आपली आठवण करून देतो. आमचे नुकसान लहान होते, कारण आम्ही लहान खेळाडू होतो. खाशाबांना उपचारच मिळाले नाहीत. आम्हाला मिळाले असते, पण आम्ही ते घेतले नाहीत.

म्हणून मंडपात बसलेल्या त्या पट्टीवाल्या मुलाला आमचे एवढेच सांगणे आहे की बाबा, आधी डॉक्टरकडे जा, एक सीझन गेला तर जाऊ दे. आणि आपणा सर्व पाळीकरांना विनंती आहे की यंदाच्या जमाखर्चात जखमी खेळाडूच्या उपचारासाठी थोडी रक्कम बाजूला काढावी. खाशाबांसाठी गावाने झोळी भरली होती ती जाण्यासाठी. परतल्यावर, गुडघा दुखावल्यावर ती कुणी भरली नाही. ती उणीव आपण आपल्या मुलांच्या बाबतीत राहू देऊ नये. विघ्नहर्ता तशी बुद्धी आपणा सर्वांना देवो. गणपती बाप्पा मोरया!