डासांचे नमुने तपासणारे डॉक्टर रॉस

शेतकरी बंधूंनो, आपलं हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्याच राज्यातल्या सिकंदराबादेत हिवतापाचं कोडं सुटायला लागलं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ते सोडवणारे लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस. जन्म १८५७ चा, अल्मोड्याचा.

दलदलीच्या खराब हवेनं हिवताप येतो, असं तेव्हा पुष्कळांना वाटे. रॉस यांचा संशय डासांवर होता. १८९५ पासून ते डास रोग्याला चावू देत, मग ते चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघत. दोन वर्षं हाती काही लागेना. कारण नमुनाच भलत्या जातीच्या डासांचा! ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांच्या माणसांनी आणलेल्या अळ्यांतून ठिपकेदार पंखांचे डास निघाले. ते रोग्याला चावले, आणि २० ऑगस्टला त्यांच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून, रोग डासाच्या चाव्यानंच पसरतो हे त्यांनी दाखवलं. १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. १९३२ मध्ये ते वारले.

यातून काय घ्यायचं? नमुना चुकला की निदान चुकतं. म्हणून थंडीताप आला आणि आरोग्य कर्मचारी काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायला दारी आला, तर त्याला परत पाठवू नका. औषधाआधीच रक्त द्या. नाव, गाव, तारीख बरोबर सांगा. गावकारभाऱ्यांनो, डबकी तुम्हीच बुजवायची आहेत, पण कुठल्या वस्तीत ताप आहे हे त्या थेंबावरूनच कळतं.