राणीला भूल देणाऱ्या डॉक्टरनं हापशाचा दांडा काढायला लावला, कारण…

१८५४ चा ऑगस्ट संपत आला होता. लंडनच्या सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटवर माणसं पटापट मरायला लागली. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-उलट्यांनी सुकून रात्रीपर्यंत गेलेला असायचा. तीन दिवसांत १२७ जण गेले. ज्यांना जमलं ते घराला कुलूप लावून पळाले.

लोक बाहेर पळत असताना एक माणूस मात्र त्या गल्लीत शिरत होता. डॉ. जॉन स्नो.

हा माणूस तेव्हा लंडनमध्ये चांगलाच नावाजलेला होता, पण वेगळ्याच कामासाठी. आदल्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाच्या आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देऊन कळा सुसह्य करणारा डॉक्टर तो हाच. भूल देणं हा त्याचा धंदा. मग तो पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या मागे का लागला?

त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

स्नोचा जन्म १८१३ चा, यॉर्क गावचा. बाप कोळशाच्या वखारीत मजूर, घरात नऊ भावंडं, त्यात हा थोरला. चौदाव्या वर्षी त्याला न्यूकॅसलला एका डॉक्टरच्या हाताखाली कामाला ठेवलं. १८१७ साली बंगालमधून निघालेली पटकी १८३१ मध्ये इंग्लंडला पोचली, तेव्हा अठरा वर्षांच्या या पोराला जवळच्या किलिंगवर्थच्या कोळसाखाणीत रोगी बघायला धाडण्यात आलं.

तिथं त्यानं पाहिलं ते डोक्यात राहिलं. खाणीत संडास नव्हता. मजूर आठ-नऊ तास खाली असायचे, तिथंच उरकायचे आणि त्याच हातांनी भाकरतुकडा खायचे.

त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांचं म्हणणं होतं की पटकी घाण वासातून, दूषित हवेतून होते. स्नोला ते पटेना. भुलीमुळं वायूंचा त्याचा अभ्यास पक्का होता. वायू पसरला की विरळ होतो, मग तो गल्लीच्या एका टोकाला मारून दुसऱ्या टोकाला सोडून कसा देईल? शिवाय विषारी हवा आत गेली तर आधी फुफ्फुसं बिघडायला हवीत. इथं तर सुरुवातच पोटापासून. म्हणजे जे काही आहे ते तोंडावाटे आत जातंय. रोग्याची विष्ठा पाण्यात जाते आणि ते पाणी दुसरा पितो, असं त्यानं १८४९ मध्येच छापून टाकलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. आपण एकमेकांची घाण पितोय हे ऐकायला कुणाला आवडेल?

ब्रॉड स्ट्रीटवर तो घरोघरी फिरला आणि एकच गोष्ट विचारत राहिला: पाणी कुठलं प्यायलात? बहुतेक मृतांची घरं गल्लीतल्या हापशाच्या आसपास होती. पण खरी गंमत अपवादांमध्ये होती. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसं होती, मेली फक्त पाच. तिथं स्वतःची विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यात सत्तर कामगार, एकही दगावला नाही. त्यांना बिअर फुकट मिळायची, हापशाकडं कोण जातंय! उलट कित्येक मैल दूर हॅम्पस्टेडला एक विधवा बाई पटकीनं गेली. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहायची आणि तिथल्या पाण्याची चव आवडते म्हणून रोज गाडीतून बाटली मागवायची.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नोनं हे सगळं स्थानिक मंडळींसमोर मांडलं. दुसऱ्या दिवशी हापशाचा दांडा काढला गेला.

दांडा काढला आणि साथ थांबली, असं नेहमी सांगितलं जातं. तसं झालेलं नाही. साथ तोवर ओसरू लागली होती आणि हे खुद्द स्नोनंच लिहून ठेवलंय. एकूण बळी गेले ६१६.

मग दांडा काढून काय मिळालं? ते नंतर उघड झालं. हेन्री व्हाइटहेड नावाचा तिथला पाद्री स्नोला खोटं पाडायला निघाला होता. शोधता शोधता त्याला सापडलं की हापशासमोरच्या घरात एका तान्ह्या बाळाला सगळ्यांच्या आधी जुलाब लागले होते. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी आईनं तळघराच्या शौचखड्ड्यात ओतलं होतं. खड्डा फुटका, आणि विहिरीपासून तीन फूटही लांब नाही. बाळ गेलं. पुढं ८ सप्टेंबरला, नेमका दांडा निघाला त्याच दिवशी, बाळाचा बाप आजारी पडला आणि आई पुन्हा तिथंच घाण पाणी ओतू लागली. हापसा चालू असता तर गल्लीत दुसरी लाट आली असती.

दक्षिण लंडनमध्येही स्नोची पायपीट चालूच होती. एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ. एकीचं पाणी शहराच्या गटारांनी घाण झालेल्या थेम्समधून, दुसरीचं वरच्या अंगाच्या स्वच्छ नदीतून. दर दहा हजार घरांमागं मृत्यू पहिलीकडं ३१५, दुसरीकडं ३७.

उपायही त्यानं सांगून ठेवले: रोग्याची सेवा करणाऱ्यानं हात धुवावेत, कपडे-अंथरूण लगेच पाण्यात टाकावं, पाणी उकळून प्यावं, गटार आणि विहीर लांब ठेवावी. खाणीत चार-चार तासांच्या पाळ्या लावा, म्हणजे खाली जेवायची वेळच येणार नाही, हेही. टायफॉइड याच वाटेनं येतो, त्यामुळं ही यादी आजही चालते. बदल म्हटलं तर क्लोरीनची आणि ओआरएसची भर पडलीय.

सरकारी समितीनं मात्र १८५५ मध्ये त्याचं म्हणणं फेटाळलं. हापशाला दांडाही परत बसला.

जून १८५८ मध्ये पक्षाघातानं स्नो गेला, वय अवघं ४५. त्याच उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीनं खासदारांना बसवेना आणि लंडनला नवी गटारं बांधायचं ठरलं. वास घालवायला म्हणून बांधलेल्या त्या गटारांनी पटकीही घालवली. कोलकात्यातल्या एका तळ्याच्या पाण्यात रॉबर्ट कॉखला पटकीचा जंतू सापडला तो १८८४ मध्ये.

आज त्या रस्त्यावर बिनदांड्याचा हापसा उभा आहे. शेजारच्या दारूच्या गुत्त्यावर पाटी आहे ‘जॉन स्नो’. तरुणपणी दारू न पिण्याची शपथ घेतलेल्या माणसाचं नाव!